तुल्लियोचा टपालवाला

मी तुल्लियो फुर्लानवर जळतो, असं आमच्या इमारतीत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांचं मत आहे. ही शुद्ध अतिशयोक्ती आहे. चौथ्या मजल्यावर गेली सहा वर्षं कुणी राहतच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की माणसाने फिरून यावं, चार फोटो दाखवावेत आणि गप्प बसावं. तुल्लियो आणि त्याची बायको नेरीना मागच्या वर्षी आठ दिवसांच्या क्रूझवर गेले. स्प्लिट, कोतोर, कॉर्फू, बारी. परत आले तेव्हा ती चारही बंदरं सामानासोबत तिसऱ्या मजल्यावर चढवून आले. जिन्यातला दिवा गेला की तुल्लियो म्हणणार, "कोतोरच्या गल्ल्यांत अस्साच अंधार, पण काय देखणा!" रविवारी ते दोघं आणि आम्ही नवराबायको डोंगरावर एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात वाइन प्यायला जातो. हॅम, उकडलेली अंडी, आणि खाली पसरलेलं आमचं अख्खं त्रिएस्ते शहर. तिथे अंडं सोलता सोलता हा म्हणाला, "कॉर्फूच्या अंड्याचं पिवळं काही वेगळंच असतं." मी एकसष्ट वर्षांचा आहे. अंड्याच्या पिवळ्यावरून कुणी माझा पाणउतारा करील, असं मला वाटलं नव्हतं.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं होतं. तुल्लियोचं चष्म्याचं दुकान होतं, आता निवृत्त आहे. गोरापान, केस शाबूत, आवाज मोठा, आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. कुत्री त्याच्याकडे धावत येतात. मी जमिनीच्या नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं आहे. तिथे माझ्याकडे धावत कुणी येत नाही, आणि जे येतात ते जाताना दार आपटून जातात.

आमच्या गावात क्रूझची जहाजं थेट मुख्य चौकाच्या नाकासमोर लागतात. जहाज आलं की चौकातल्या त्या जुन्या, भारदस्त इमारती एकदम खेळण्यातल्या दिसायला लागतात, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जहाजाचं धुरांडं दिसतं. एका शनिवारी मी त्या धुरांड्याकडे बघत कॉफी पीत होतो. वरून तुल्लियोचा आवाज आला, "नेरीना, बघ गं! आपली बोट!"

आपली!

मी कप ठेवला आणि ओंदिनाला म्हणालो, "आपण क्रूझला जायचं."

माझ्या बायकोने बटाटा सोलायचा थांबवला. "तुला तर तळ्यातल्या बदकाच्या आकाराच्या होडीत उलटी झाली होती."

"ती होडी होती. हे जहाज आहे. आणि मला इतिहासाची आवड आहे."

"कधीपासून?"

"त्याचा इथे संबंध नाही."

ओंदिना हसायला लागली. ती हसली की आधी खांदे हलतात, मग आवाज येतो, आणि एकदा आला की आवरत नाही. मी गंभीरपणे काही सांगायला लागलो की हे हमखास होतं. एकतीस वर्षांत मला त्याची सवय झालेली नाही.

मी तिला एकच अट घातली, की वर कळता कामा नये. माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. संध्याकाळी जहाज सुटतंय, तुल्लियो नेहमीसारखा धक्क्यावर फिरायला आलाय, सहज वर बघतो, तर नवव्या मजल्यावर कठड्याला टेकून पांढऱ्या शर्टात कोण? मी. मी हात हलवतो. फार नाही, थोडासाच. एवढ्या एका हात हलवण्यासाठी मी सगळं आरक्षण केलं होतं.

आणि तिथेच माझं ओळखपत्र आडवं आलं. मुदत संपून सात महिने झाले होते. मी अर्ज भरला, रांगेत उभा राहिलो. काउंटरमागच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"जन्मगाव चौकटीबाहेर गेलंय," त्या म्हणाल्या. "नवीन अर्ज."

दुसऱ्या खेपेला फोटोत माझ्या चष्म्यावर दिव्याची तिरीप आली होती. तिसऱ्या खेपेला सही चुकून तारखेच्या जागेवर गेली. मी म्हणालो, "अहो बाई, इतका बारकावा कुणी पाळतं का?"

त्या गोड हसल्या. "तुम्ही पाळता ना, व्हास्कोत्तोसाहेब. माझ्या आईच्या फ्लॅटचे कागद तुम्ही चारदा परत पाठवलेत. शेवटी तर नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जागा जास्त सुटली म्हणून."

मला ते कागद आठवत होते. जागा खरंच जास्त होती. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. चौथ्या खेपेला मी सुतासारखा सरळ अर्ज दिला आणि ओळखपत्र मिळालं. फोटोतला माणूस कुणाची तरी जमीन लाटून पळालेला वाटत होता, पण कागद कायदेशीर होता.

तोवर गुपित फुटलं होतं. ओंदिनाने कपडे वाळत घालताना नेरीनाला सांगितलं. मी जाब विचारला तर म्हणाली, "तिने विचारलं, नवे पोहायचे कपडे कुणाचे. मी काय ब्रूनाबाईंचे सांगू?"

ब्रूनाबाई तळमजल्यावर राहतात, वय वर्षं सत्त्याऐंशी. त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिंबू घेऊन दारात. "एजिदियो, हे डाव्या खिशात ठेव. बोट लागत नाही. माझ्या नवऱ्याला आयुष्यात कधी लागली नाही."

"ते खलाशी होते का?"

"छे. ट्राम चालवायचे."

आणि मग तुल्लियो आला. हातात तीन पार्सलं, तपकिरी कागदात बांधलेली, सुतळीच्या गाठी मारलेली. मला वाटलं, आता याचा चेहरा पडलेला बघायला मिळेल. याने तर मला मिठीच मारली.

"अरे लबाडा! सांगितलं नाहीस! बरं झालं, देवच पावला. हे एवढं पोचवशील ना? स्प्लिटला वेलिमीर, कोतोरला स्ताना आजी, कॉर्फूला कॅप्टन आरिस्तिदिस. पत्ते वर लिहिलेत. फक्त नाव सांग माझं, लोक जीव ओवाळून टाकतील."

"पोस्टाने नाही का जात?"

"पोस्ट विचारपूस थोडीच करतं?" असं म्हणून त्याने खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली माणूस नाही म्हणू शकत नाही, हा त्या हाताचा दोष आहे.

जहाज सुटलं त्या संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे पांढऱ्या शर्टात नवव्या मजल्यावर उभा होतो. खाली धक्क्यावर तुल्लियोही होता. पण त्याने घरातला टेबलावरचा कापडी रुमाल आणला होता, आणि तो इतक्या जोरात फडकवत होता, की जहाजावरचे लोक त्याचे फोटो काढायला लागले. माझ्या शेजारची एक जर्मन बाई डोळे पुसत म्हणाली, "किती गोड माणूस!" मी हात हलवला. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

खोलीबद्दल मी फार बोलत नाही. तुल्लियोच्या खोलीला मागच्या वर्षी बाल्कनी होती. आम्हाला पडदा होता. पडदा बाजूला केला की भिंत.

स्प्लिटला सतराशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन सम्राटाचा राजवाडा आहे आणि लोक अजून त्यात बिऱ्हाडं करून राहतात. त्या राजवाड्यातली मी जी वास्तू सविस्तर पाहिली ती म्हणजे वेलिमीरच्या खानावळीचं स्वयंपाकघर. वेलिमीर हा साठीचा, पोट सुटलेला वाढपी. मी म्हणालो, "तुल्लियोने पाठवलंय." त्याने आधी मला मिठी मारली, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मग ओंदिनाच्याही मागे बघितलं.

"तो कुठाय?"

"आला नाही."

"अस्सं," वेलिमीर म्हणाला. त्या 'अस्सं'मध्ये जी निराशा होती ती मी विसरणार नाही.

पार्सलात चष्मा निघाला. तुल्लियोने मागच्या वर्षी जेवता जेवता याचे डोळे तपासले होते म्हणे. दूरवरच्या पाट्या वाचायला लावून. वेलिमीरने चष्मा लावला, टेबलावरचं स्वतःच्याच खानावळीचं पदार्थांचं पत्रक उचललं आणि वाचता वाचता पांढरा पडला. "देवा! अकरा वर्षं मी कोकराला कोंबडी सांगून वाढतोय!" मग आम्हाला मासे, मग कालवं, मग अंजिराची दारू. पैसे घेईना. "तुल्लियोच्या माणसाकडून?" आम्ही बाहेर पडलो तेव्हा जहाजाचा भोंगा वाजत होता, आणि सम्राटाकडे एक नजरसुद्धा टाकायला वेळ उरला नव्हता.

"किती चांगला आहे तुल्लियो," ओंदिना म्हणाली.

"फुकट चष्मे वाटायला काय जातंय? दुकानात उरलेले असतील."

"तू काय वाटतोस?"

मी वाटण्यासारखं काय घेऊन येणार होतो, सातबारा?

कोतोर हे डोंगराच्या कुशीत तटबंदी घालून बसवलेलं गाव. तिथे मांजरं फार आणि पायऱ्या त्याहून फार. स्ताना आजी अर्थातच सगळ्यांत वरच्या पायरीवर राहत होती. मी मोजल्या नाहीत, पण एका टप्प्यावर मला आयुष्यातले सगळे परत पाठवलेले अर्ज आठवायला लागले. आजी उंबऱ्यावर मांजरांच्या घोळक्यात बसली होती. तिच्यासाठीही चष्माच. तिने तो लावला, ओंदिनाकडे पाहिलं आणि तिचा गाल कुरवाळून म्हणाली, "किती गं देखणी तू!" मग माझ्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

ओंदिनाचे खांदे हलायला लागले. उतरतानाही ते हलतच होते, आणि हसत हसत पायऱ्या उतरू नयेत हा नियम तिला शिकवून काही उपयोग नव्हता. अकराव्या का बाराव्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. जहाजावरच्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि दोन दिवस चालायचं नाही म्हणून बजावलं.

त्याच रात्री जहाजावरच्या भोंग्यातून सूचना झाली, की उद्या ग्रीसमध्ये पोचतोय, घड्याळं एक तास पुढे करावीत. आता मी सरकारी माणूस. चौतीस वर्षांत माझं घड्याळ मी कुणाच्या तोंडी सांगण्यावरून हलवलेलं नाही. लेखी असेल तर दाखवा. खरं तर लेखीही होतं, दाराखालून सरकवलेल्या कागदावर, पण तो कागद मी न वाचताच टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घातला होता.

कॉर्फूला मी एकटा उतरलो. पार्सल बगलेत, फोन खोलीत चार्जिंगला. "कॅप्टनला भेटून दोन तासांत येते बघ स्वारी," मी ओंदिनाला सांगितलं. "पाचला बोट सुटते. मी चारला हजर."

आणि मनाशी ठरवलं होतं, पार्सल दारात द्यायचं, तुल्लियोचं नाव पुटपुटायचं आणि जुना किल्ला बघायचा. एक तरी गोष्ट मला अशी बघायची होती, जी तुल्लियोच्या ओळखीची नव्हती.

कॅप्टन आरिस्तिदिस जुन्या गावातल्या एका बोळात राहत होते. दोन्ही बाजूंनी उंच घरं आणि मधल्या दोऱ्यांवर अख्ख्या गल्लीचे कपडे. म्हाताऱ्याने ऐंशी कधीच ओलांडली होती. तरुणपणी त्यांनी आमच्याच गोदीत काम केलं होतं, त्यामुळे आमची बोली फर्डी बोलत. आणि डोळे पार गेलेले. दार उघडून त्यांनी हात पुढे केला, माझा पंजा दोन्ही हातांत धरला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की गेल्या कित्येक वर्षांत मला बघून कुणाचा उजळला नसेल.

"तुल्लियो! आलास पोरा!"

मी प्रामाणिक माणूस आहे. माझ्या टेबलावरून आजवर एकही खोटा कागद पुढे गेलेला नाही. पण वेलिमीरचं ते 'अस्सं' माझ्या कानात होतं, आणि म्हातारीने डबीत ठेवलेला तो चष्मा डोळ्यांसमोर होता.

"आलो, कॅप्टन," मी म्हणालो.

पुढचा तास मी तुल्लियो होतो. पार्सलात आमच्या गावची कॉफी होती. कॅप्टननी ती चाचपडत, पण एक थेंब न सांडता केली. शेजारणीने भिंतीवरून पालकाची गरम कचोरीसारखी पोळी दिली, चीज दिलं, संत्र्याच्या पिल्लासारख्या एका फळाचा मुरंबा दिला. मी खाल्लं. मी मोठ्याने बोललो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला! आणि काय सांगू, सगळं जमत होतं. माणूस आपल्यावर खूश आहे म्हटलं की विनोद आपोआप सुचतात. मला पहिल्यांदा कळलं, तुल्लियोला असं रोज वाटत असणार. आणि मी आणखी जळलो.

"आता गा," कॅप्टन म्हणाले. "मागच्या वेळी वचन दिलंयस."

तुल्लियो गातो. मी गात नाही. मला आयुष्यात एकच गाणं पाठ आहे, शाळेत कवायतीला म्हणायचो ते, आणि त्याचंही दुसरंच कडवं. मी उभा राहिलो आणि ते म्हणून टाकलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

कॅप्टननी माझी खुर्ची चाचपून पुढे ओढली. मग म्हणाले, "बैस, एजिदियो."

मी बसलो.

"गाण्यावरून ओळखलंत?"

"दारातच. हातावरून. तुल्लियोचा हात चष्मेवाल्याचा, लोण्यासारखा. तुझ्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा आहे. तो फोनवर खालच्या मजल्यावरच्या नोंदणीवाल्याबद्दल सांगत असतो, म्हणून नावही ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"गाणं ऐकायचं होतं."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. मी ते कार्यालयीन सफाईने, हद्दींसकट मागितलं. वर विचारलं, "काय सांगतो माझ्याबद्दल? हसत असेल."

"नाही. म्हणतो, आमच्या खाली एक माणूस राहतो, त्याची बायको संध्याकाळी हसते. मग आम्ही दोघं टीव्हीचा आवाज बारीक करतो. म्हणतो, एकदा तर मी जमिनीला कान लावून पडलो, की हा असं बोलतो तरी काय! पण शब्द ऐकू येत नाहीत." कॅप्टननी माझ्याकडे तोंड वळवलं. "काय बोलतोस तू?"

मी खरं ते सांगितलं. "मला नाही ठाऊक. मी गंभीरपणेच बोलत असतो."

आणि तो ऐंशी पार केलेला म्हातारा पोट धरून हसायला लागला. माझ्या शेजारी टेबलावर हात आपटून. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिसऱ्या मजल्यावर जमिनीला कान लावून पालथा पडलेला तुल्लियो माझ्या डोळ्यांसमोर आला होता, आणि त्याच्यावर जळायचं कसं, ते मला क्षणभर सुचेना.

बाहेर घंटा वाजली.

"तुझी बोट कितीची?" कॅप्टननी विचारलं.

"पाचची. अजून सव्वा तास आहे."

"पावणेपाच झाले, पोरा. ही कॉर्फूची घंटा आहे, तुमच्या कार्यालयाची नाही."

मी धावलो. मी शेवटचा कधी धावलो होतो ते लष्करी सेवेच्या कागदात नोंदलेलं असेल. बोळातल्या ओल्या चादरी तोंडावर घेत, एका लग्नाच्या वरातीतून आरपार जात, खिशातलं लिंबू हातात धरून मी धक्क्यावर पोचलो. जहाज सुटलं होतं. फार लांब नाही. मध्ये जेमतेम एखाद्या रस्त्याएवढं पाणी. जहाजाच्या भोंग्यातून "श्रीयुत फास्कोत्ता, श्रीयुत फास्कोत्ता" अशी माझ्या आडनावाची मोडतोड करत पुकारा चालू होता. सहाव्या मजल्यावर, पट्टी बांधलेला पाय खुर्चीवर ठेवून ओंदिना उभी होती. ती हात हलवत होती. मग मनगटावर बोट आपटून ओरडली, "घड्याळ!" कठड्याला तीनशे माणसं उभी होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते. ती जर्मन बाई माझा व्हिडिओ काढत होती.

कॅप्टन काठी टेकत मागून आलेच. बोट चुकलेला माणूस त्यांना काही नवा नव्हता. "रात्रीची फेरीबोट जाते बारीला. उद्या सकाळी तुझ्या बोटीच्या आधी पोचशील. बायकोला फोन कर." आणि त्यांनी आपला फोन दिला.

मला ओंदिनाचा नंबर पाठ नव्हता. मुलीचा नव्हता. मी डोळे मिटून उभा राहिलो, आणि माझ्या डोक्यात फक्त एकच नंबर होता. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून आमच्या छतावर पाणी गळतं, तेव्हा गेली बावीस वर्षं मी तो फिरवतो आहे.

"बोला!" तुल्लियोचा आवाज आला.

मी सगळं सांगितलं. म्हणजे गाण्याचं वगळून. ओंदिनाला कळव, मी बारीला भेटतो.

"तुल्लियो? ऐकतोयस ना?"

"म्हणजे बोट गेली?" तो हळूच म्हणाला. "तू धक्क्यावर उभा असताना? डोळ्यांदेखत?"

"हो."

"आणि लोक वरून बघत होते?"

"टाळ्या वाजवत होते."

"टाळ्या!" तुल्लियोने एवढा लांब सुस्कारा टाकला, की मला वाटलं लाइन तुटली. "आणि आता रात्री फेरीने, उघड्या डेकवर... बरं, बरं. कळवतो तिला."

बारीच्या धक्क्यावर दुसऱ्या दिवशी ओंदिना लंगडत उतरली, मला त्याच चुरगळलेल्या शर्टात, हातात लिंबू घेऊन उभा बघितलं, आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसून ती इतकी हसली, की बंदराचा पोलीस पाणी घेऊन आला. मी गंभीरपणे म्हणालो, "मी सूचनेचा कागद वाचला नव्हता, हे मी मान्य करतो." त्यावर ती खुंट्यावरून खाली घसरली.

आम्ही घरी परतलो, आणि एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या इमारतीत वर्षभर 'कॉर्फूचं अंडं' चाललं होतं, तिथे आता 'एजिदियोची बोट' चालू झाली. ब्रूनाबाईंनी तीनदा ऐकली. चौथ्यांदा बहिणीला घेऊन आल्या. खालच्या कॅफेत मी शिरलो की कॉफीआधी खुर्ची यायची. कार्यालयातसुद्धा एका माणसाने कागद परत मिळाल्यावर दार आपटण्याऐवजी विचारलं, "ते बोटीवाले व्हास्कोत्तो तुम्हीच का?" गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो. तिथे मी सांगत होतो आणि तुल्लियो पानं हातात घेऊन बसला होता. पहिल्यांदाच गप्प.

"धावताना बूट नाही निसटला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग सांगताना निसटला म्हणत जा," तो म्हणाला आणि चुकीचं पान टाकून डाव हरला.

सप्टेंबरात तो नेरीनाला घेऊन पुन्हा त्याच क्रूझवर गेला. 'हवापालट' म्हणाला. आठव्या दिवशी सकाळी धुरांडं खिडकीत दिसलं आणि तासाभराने दारावर टकटक झाली. दारात नेरीना. एकटी. दोन बॅगा.

"तुल्लियो?"

"राहिला," ती म्हणाली. "कॉर्फूला. बोट चुकली."

"चुकली?" माझा आवाज जरा चढला. "त्याचं घड्याळ तर पुढे होतं!"

"होतं ना. मी वरून बघत होते. धक्क्याच्या टोकाला कॉफी पीत बसला होता. जिना वर उचलला, तेव्हा कप ठेवला, तोंड पुसलं आणि धावायला लागला." इथे नेरीनाचा चेहरा कसातरी झाला, आणि ती आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, बॅगेवर डोकं टेकून हसायला लागली. ही बाई अशी हसू शकते हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. ओंदिनाही सुरू झाली. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या आणि मी मध्ये उभा होतो. माझी बोट खरी चुकली होती. अपघाताने, सचोटीने. आणि हा माणूस ती नक्कल करून लोकांना ऐकवणार!

"बारीला का नाही आला?" मी विचारलं.

"त्याची म्हणे फेरीही चुकली."

त्याच संध्याकाळी फोन आला. मी उचलला.

"एजिदियो," तुल्लियोचा आवाज पलीकडून आला. "तुला किती वेळ लागला होता घरी पोचायला? एक रात्र ना?"

"एक रात्र."

"माझी ही तिसरी आहे," तो म्हणाला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळं अशिष्ट होतं.

"मी कॅप्टनकडे आहे," तो पुढे म्हणाला. "त्यांनी सांगितलं मला. तू मी झाला होतास म्हणे?"

माझ्या कानाची पाळी गरम झाली. "तासभर."

"कसं वाटलं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. धुरांडं गेलं होतं, नुसतं पाणी होतं. "बरं वाटलं," मी म्हणालो. "पोट भरलं."

मागून भांड्यांचा आवाज येत होता, आणि म्हातारा काहीतरी सांगत हसत होता.

"कॅप्टनना काल मी तीन गाणी म्हणून दाखवली," तुल्लियो म्हणाला. "पूर्ण. सगळ्या कडव्यांसकट."

"मग?"

"म्हणाले, त्या नोंदणीवाल्याचं जास्त आवडलं."

"खरंच असं म्हणाले?"

"आता दोनदा वदवून घेऊ नकोस माझ्याकडून!" तुल्लियो खेकसला आणि त्याने फोन आपटला.

मी बराच वेळ तो बंद फोन कानाला लावून उभा होतो. इतका जळका आवाज आजवर मी फक्त स्वतःचाच ऐकला होता.